पडद्यावरचे पापड, बनी पार्कमधले हर्डीकर

नंदकिशोर हर्डीकरांना सतीश घाणेकर ओळखत होते असं म्हणणं जरा जास्तच होईल. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, अर्धा-पाऊण तास समोरासमोर बसून चहा प्यायचा, एवढीच ती ओळख. हर्डीकरांना भावंडं किती होती, त्यांचा देवावर विश्वास होता की नव्हता, त्यांना झोप कशी लागायची, यातलं काहीही सतीशरावांना सांगता येणार नाही. एके काळी हिंदी सिनेमातले 'पापड' म्हणून त्यांना गावोगावची माणसं ओळखत. सतीशरावांनीही त्यांचे दोन-तीन सिनेमे कॉलेजात असताना पाहिले होते, पण खरं सांगायचं तर त्या वयात त्यांचं लक्ष नायिकेकडे असायचं. तेव्हा पुढे जे आहे ते जेवढं दिसलं आणि जेवढं कानावर पडलं तेवढंच. त्यातही थोडंफार इकडचं तिकडे झालं असेल.

ओळख झाली ती पुस्तकांच्या पिशवीमुळे. जयपुरातल्या मराठी मंडळींनी एक फिरतं वाचनालय चालवलं आहे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर सतीशरावांनी ते काम मागून घेतलं, कारण त्यात फारसं बोलावं लागत नाही. बेल वाजवायची, वाचून झालेली पुस्तकं घ्यायची, नवी द्यायची, निघायचं. मालवीय नगरातल्या आपल्या घरून ते स्कूटरवर पिशवी अडकवून निघत. दिवाळी अंक पुढच्या दिवाळीपर्यंत घरोघर हिंडत राहत आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत त्यातली सगळी शब्दकोडी कुणीतरी सोडवून ठेवलेली असत.

शेवटचं घर बनी पार्कमधल्या बोडसांचं. प्रसन्न बोडस बँकेत होते, बदलीवर जयपूरला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पत्नी चारुलता एका शाळेत शिकवत होत्या. आता त्याही निवृत्त आहेत. एका रविवारी सतीशरावांनी बेल वाजवली तर दार उघडायला एक उंच, काडीसारखे म्हातारे गृहस्थ आले. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, जाड चष्मा. त्यांनी पिशवीत हात घालून एकेक पुस्तक वर काढून पाहिलं आणि म्हणाले, "विनोदी असेल ते राहू द्या. बाकी काहीही चालेल."

मागून चारूताई आल्या आणि हे माझे वडील, मुंबईहून आता कायमचे आमच्याकडे आलेत, सगळे त्यांना नाना म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. नाना म्हणजे कोण हे मात्र सतीशरावांना कळलं ते समोरच्या गेस्ट हाउसच्या मालकाकडून. सतीशराव स्कूटर लावत असताना त्याने विचारलं की पापडजींकडे तुमचं जाणंयेणं आहे का. सतीशरावांनी कोण पापडजी म्हणून विचारलं तेव्हा तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "अरे साहब, आप उनके साथ बैठ के चाय पीते हैं."

पुढच्या महिन्याच्या रविवारी सतीशरावांनी भीत भीत तो विषय काढला. आपण सिनेमात होतात असं कळलं, असं ते म्हणाले. नानांनी मान हलवली. "होतो. पडायचं काम करायचो," ते म्हणाले आणि पुस्तक उघडून बसले.

त्यांची गोष्ट मग अशीच चहाच्या घोटांसारखी मिळत गेली. वडील मिरजेला पोस्टात. मुलाने मॅट्रिक व्हावं आणि पोस्टात चिकटावं एवढीच त्यांची अपेक्षा. मुलगा मॅट्रिक झाला आणि मुंबईला पळाला. एका स्टुडिओत मेकअपच्या खोलीत आरसे पुसायचं काम मिळालं. एक दिवस सायकलवरून पडायच्या प्रसंगासाठी जो माणूस ठरला होता तो आदल्या दिवशी खरोखरच कुठेतरी पडून हात मोडून बसला. दिग्दर्शक चिडलेला होता. त्याने आरसे पुसणाऱ्या काडीला सायकलवर बसवलं. नाना पडले ते असे की आधी सायकल पडली, मग ते काही क्षण हवेतच विचार करत राहिल्यासारखे दिसले आणि मग पडले. दिग्दर्शक म्हणाला, हा तर पापडासारखा मोडतो. तेच नाव पडद्यावर लागलं. हर्डीकर हे आडनाव एकाही सिनेमाच्या नामावलीत नाही.

त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं नाना पडत राहिले. कधी नायकाचे मित्र, कधी डॉक्टरांचे कंपाउंडर, कधी हॉटेलातले वेटर, बऱ्याचदा नोकर. जिन्यावरून पडायचं, विहिरीच्या काठावरून घसरायचं, कानाखाली खायची. थप्पड खरी नसते, समोरच्याचा हात गालाजवळून जातो आणि आपण मान फिरवायची, आवाज नंतर घालतात, असं नानांनी समजावलं. पण काही नायक मोठे उत्साही असत, हेही सांगितलं.

एकदा त्यांनी आपल्या कामातली एक गोष्ट उलगडून दाखवली, आणि सतीशरावांना ती सगळ्यात जास्त लक्षात राहिली. नाटकात विनोद केला की लोक हसतात, ते हसून होईपर्यंत नट थांबतो. सिनेमात चित्रीकरणाच्या वेळी समोर कुणीच हसत नसतं. दिवे, कॅमेरा आणि जेवणाची वाट बघणारे कामगार. मग पुढे थिएटरात हशा होईल तेव्हा त्या हशाखाली पुढचं वाक्य बुडून जाणार. म्हणून हशाची जागा आधीच सोडून ठेवायची. पण नुसतं थांबलं तर संकलन करणारा तो तुकडा कापून टाकतो, त्याला वाटतं नट वाक्य विसरला. त्यावर नानांनी तोड काढली होती. वाक्य झालं की ते चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, पुन्हा घालायचे. त्याला कुणी कात्री लावत नसे. "लोकांना वाटायचं ती पापडची लकब आहे," नाना म्हणाले. "लकब कसली, जागा धरून ठेवायचो."

पुढे दिवस बदलले. नायकच विनोद करायला लागले, मग वेगळा पापड कशाला. कामं कमी झाली, मग थांबली. नानांनी गोरेगावला कपडेपटात काम केलं, इतर नटांच्या टोप्या आणि कोट सांभाळले. पत्नी तारामती गेल्यावर जागा बंद करून लेकीकडे आले. पूर्वी एकदा ते चित्रीकरणासाठी जयपूरला आले होते, पण त्यांनी पाहिलं ते आमेरच्या किल्ल्याच्या पायऱ्यांचं शेवटचं वळण, कारण तिथून त्यांना गडगडायचं होतं.

एवढं सगळं सांगताना नाना कधी हसले नाहीत आणि त्यांनी हसवलंही नाही. घरात ते कोरडे, थोडे चिडखोरच. वर्तमानपत्राची घडी मोडलेली चालायची नाही. चहा गार झाला की कप सरकवून ठेवायचे. सतीशरावांना वाटायचं की हिंदीत हा माणूस वेगळा असेल. भाजीवाल्याशी हिंदीत दोन वाक्यं बोलले तरी तो हातगाडीला टेकून हसायचा. मराठीत मात्र ते पोस्टमास्तरांचे चिरंजीव होते.

एकदा नाना आंघोळीला गेलेले असताना सतीशराव चारूताईंना सहज म्हणाले की लहानपणी तुम्हाला किती मजा येत असेल, वडील पडद्यावर. चारूताई शेंगा सोलत होत्या.

"मला नाही हो हसू यायचं कधी," त्या म्हणाल्या. "नाना पडून घरी आले की आई तव्यावर वाळू गरम करायची, फडक्यात बांधून पाठ शेकायची. मी फडकं धरून बसायचे. सहा महिन्यांनी तोच प्रसंग थिएटरात लागायचा. सगळे हसत असायचे आणि मला त्या वाळूचा वास यायचा."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. डॉक्टरच्या मुलीने औषधांचा वास सांगावा तसं सांगितलं. मग आतून नानांनी टॉवेल मागितला आणि त्या उठून गेल्या.

दोन हिवाळ्यांपूर्वी नाना न्हाणीघरात पडले. हे पडणं खरं होतं. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, दोन-तीन महिने अंथरुणात गेले. त्यानंतर चारूताई त्यांच्या मागे सावलीसारख्या. उठताना हात, बसताना हात. नाना खुर्चीत बसायला लागले की त्या जिथे असतील तिथून म्हणायच्या, नाना, सावकाश. आणि नाना म्हणायचे, मी पडण्यात आयुष्य घालवलंय, मला शिकवू नकोस. हे रोज चालायचं आणि दोघंही ते गंभीरपणे बोलायचे.

गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या आधी मंडळाची नवी सचिव सतीशरावांबरोबर बनी पार्कला आली. तनया नावाची ही मुलगी मूळची कोल्हापूरची, सीतापुऱ्यातल्या एका आयटी कंपनीत नोकरीला. तिने नानांपुढे कार्यक्रम मांडला. शाल, श्रीफळ, त्यांच्या सिनेमातले काही तुकडे पडद्यावर, मग दोन शब्द.

नानांनी विचारलं, "कुठले तुकडे?"

ती म्हणाली, तुमचे फेमस वाले, पडायचे.

"ते नकोत. शालही नको, माझ्याकडे आहेत. मी दहा मिनिटांचं काम करीन."

चारूताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ताबडतोब विचारलं की काम म्हणजे कसलं काम. नाना म्हणाले, खुर्चीत बसायचं. तेवढंच. तनयाने हळूच आठवण करून दिली की गणपतीच्या कार्यक्रमात मंचावर फक्त मराठी बोलायचं असा मंडळाचा नियम आहे, कारण एरवी मुलं हिंदीतच बोलतात. नाना म्हणाले, नियम चांगला आहे.

तनया गेल्यावर त्यांनी सतीशरावांना थांबवून घेतलं. चारूताई फाटकापर्यंत तिला सोडायला गेल्या होत्या.

"माझ्यासमोर एक माणूस लागेल," नाना म्हणाले. "तुम्ही उभे राहाल?"

सतीशरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हात जोडले. आपण शाळेतल्या स्नेहसंमेलनातसुद्धा पडदा ओढायला होतो, असं ते म्हणाले.

"म्हणूनच. समोरच्याने हसवायचं नसतं, हसायचंही नसतं. इतकी वर्षं तुम्ही इथे येताय, तुमचा चेहरा मी एकदाही हललेला पाहिला नाही. असा चेहरा मला मुंबईत मिळाला असता तर माझं निम्मं काम झालं असतं."

नाना दाराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "घाणेकर, मी देशभर माणसं हसवली. चारूला एकदाही नाही. मराठीत तर मी कुणालाच हसवलेलं नाही. आता माझ्याजवळ फार वेळ नाही. मला एवढं करायचंय."

सतीशरावांनी तालीम कधी आणि कुठे करायची, एवढंच विचारलं.

तालमी मालवीय नगरात सतीशरावांच्या घरी झाल्या. चारूताईंना सांगितलं की पुस्तकं निवडायला नेतो. ते पूर्ण खोटं नव्हतं, नाना प्रत्येक वेळी एखादं पुस्तक घेऊन जात. सतीशराव ऑटो घेऊन जायचे आणि घेऊन यायचे. प्रेक्षक म्हणून वीणाताई, सतीशरावांच्या पत्नी. त्यांना काम सांगितलं होतं की हसू आलं तरच हसायचं.

प्रवेश अगदी साधा होता. हात असलेली एक लाकडी खुर्ची. नाना पाहुणे, सतीशराव घरमालक. घरमालक म्हणतो, बसा. पाहुणे बसायला वाकतात. एवढ्यात घरमालक विचारतो, पंखा लावू? मराठी पाहुणा नको म्हणताना खुर्चीतून अर्धा उठतोच, असं नानांचं निरीक्षण होतं. तो ताठ उभा राहून म्हणतो, नको नको, कशाला. मग पुन्हा बसा. पुन्हा वाकणं, पहिल्यापेक्षा थोडं खाली. चहा टाकू? पुन्हा उभं. आत्ताच झाला. बसा. दरवेळी खुर्ची थोडी जवळ येते आणि दरवेळी हुकते. शेवटी पाहुणे एकदाचे टेकतात, घरमालक घड्याळ बघतो आणि म्हणतो, बरं, निघायचं ना? आणि पाहुणे उठतात.

सगळं काम नानांच्या गुडघ्यांत होतं. मागे वाकताना ते खुर्चीच्या हातावर एक बोट टेकवायचे, तेवढाच आधार. बघणाऱ्याला मात्र वाटायचं, आता गेले. पहिल्याच तालमीत वीणाताई दोनदा ओरडल्या आणि तिसऱ्यांदा पदराने डोळे पुसून हसल्या.

सतीशरावांची अडचण वेगळी होती. त्यांना संपवायची घाई. वीणाताई हसत असतानाच ते पुढचं वाक्य टाकून मोकळे व्हायचे. नाना हातातली काठी जमिनीवर आपटायचे. "थांबा. त्यांना हसू द्या. तुम्ही काय हप्ता भरायला आलाय?"

वीणाताई म्हणाल्या, "नाना, यांचं असंच आहे. लग्नात अंतरपाट धरलेला असतानाच हे हार घालायला निघाले होते. चेहरा हाच."

नानांना ते आवडलं असावं. निदान त्यांनी काठी आपटली नाही. जाताना त्यांनी सतीशरावांना शेवटची सूचना दिली. मोतीबिंदू काढल्यापासून समोर प्रखर दिवे असले की पलीकडचं त्यांना काही दिसत नसे. चारू पहिल्या रांगेत बसेल. ती हसते का, हे सतीशरावांनी बघायचं आणि नंतर सांगायचं.

कार्यक्रम झालाना भागातल्या एका संस्थेच्या सभागृहात होता. आरती झाली, लहान मुलांनी अडखळत मराठी गाणी म्हटली, मोदक वाटून झाले. पुढच्या रांगा म्हाताऱ्यांच्या, मागे तनयाच्या वयाची मुलंमुली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी पापड हे नाव आई-वडिलांकडूनही ऐकलं नव्हतं. चारूताई पहिल्या रांगेत कडेला बसल्या होत्या. मांडीवर पर्स, हातात पाण्याची बाटली.

सतीशराव मंचावर गेले तेव्हा त्यांना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. नाना दुसऱ्या बाजूने काठीशिवाय आले. चारूताईंची मान वर झाली.

"या, या. बसा," सतीशराव म्हणाले.

नाना वाकले. सभागृहात शांतता. पंखा लावू? नाना उभे राहिले, नको नको, कशाला. मागच्या रांगांतून थोडं हसू आलं. दुसऱ्या वेळी जास्त. तिसऱ्या वेळी नाना इतके खाली गेले की कुणीतरी अरे अरे म्हणालं आणि मग सगळा हॉल हसला. सतीशराव शिकवल्याप्रमाणे थांबले. आणि थांबल्यामुळेच त्यांना समोर बघायला वेळ मिळाला.

चारूताई हसत नव्हत्या. नाना वाकले की त्या खुर्चीतून उठत होत्या, नाना उभे राहिले की बसत होत्या. बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. चेहरा पांढरा पडलेला. मागच्या लोकांना वाटलं असेल की त्यांना नीट दिसत नाहीये. चौथ्या वेळी त्या जवळजवळ मंचाच्या पायरीपर्यंत आल्या आणि मग ओशाळून मागे गेल्या. हॉल हसतच होता. नानांना दिव्यांपलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं, आणि जे ऐकू येत होतं ते उत्तम होतं. हशा वाढला तसे ते जास्त जास्त खाली जायला लागले. बोट खुर्चीच्या हातावर होतं, पण ते आता घसरत होतं. हे फक्त सतीशरावांना दिसलं.

ज्या चारूताईंना हसवण्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांचाच जीव हा प्रवेश टांगणीला लावत होता. सतीशरावांनी असा विचार केला, असं म्हणता येणार नाही. त्यांचे पाय हलले एवढंच. नाना पाचव्यांदा वाकत होते. सतीशराव दोन पावलं पुढे गेले, नानांच्या कोपराखाली हात घातला, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना तिच्यात बसवलं.

"नाना, बसा आता," ते म्हणाले.

हे ठरलेलं नव्हतं. पाहुण्याचं नाव नाना नव्हतं. हॉल एकदम गप्प झाला. नानांनी खुर्चीचे दोन्ही हात चाचपून पाहिले. मग मान वर करून सतीशरावांकडे पाहिलं. त्या नजरेत चांगलाच राग होता.

"बसलो," ते म्हणाले. "पुढे?"

सतीशरावांनी आठवायचा प्रयत्न केला. घड्याळ, निघणं, काहीतरी होतं. "पुढचं मला आठवत नाही," ते म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

हॉल जो फुटला तो थांबेचना. मागची मुलं खुर्च्या बडवायला लागली. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला. हशा ओसरायची त्यांनी पुरेपूर वाट पाहिली. मग रोज घरात बोलायचे त्याच कोरड्या, चिडक्या आवाजात म्हणाले,

"मग मी बसूनच राहतो. चारू केव्हापासून तेच म्हणतेय."

सतीशरावांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. चारूताई खाली बसल्या होत्या. त्यांनी बाटली तोंडावर धरली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. मग बाटली खाली आली. त्या हसत होत्या, तोंड उघडून, शेजारच्या बाईच्या दंडाला धरून.

पडदा पडल्यावर नाना खुर्चीतच बसून होते. सतीशराव जवळ गेले तर आधी बोलणी खावी लागली. सगळी लय मोडलीत, शेवटचा हशा घालवलात, असं मुंबईत केलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात उभं केलं नसतं. सतीशरावांनी ऐकून घेतलं. मग सांगितलं की तुम्ही खाली जात होतात तेव्हा चारूताई उठून उभ्या राहत होत्या, दरवेळी. पार पायरीपर्यंत आल्या होत्या.

नानांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. बाहेर कुणीतरी ध्वनिक्षेपकावर चपला नीट बघून घाला असं सांगत होतं.

"आणि शेवटी?" त्यांनी विचारलं.

"हसल्या."

"तुम्हाला का मला?"

"तुम्हाला."

"तुम्ही भिडस्त माणूस आहात, घाणेकर. बरं वाटावं म्हणून सांगाल."

"दात दिसले," सतीशराव म्हणाले.

नानांनी मान हलवली आणि उठायला हात पुढे केला. तेवढ्यात चारूताई आत आल्या. त्यांनी वडिलांकडे पाहिलं, सतीशरावांकडे पाहिलं, गोळीची वेळ टळून गेली म्हणाल्या आणि बाटलीचं झाकण उघडून दिलं. घरी जाताना गाडीत प्रसन्नराव ट्रॅफिकबद्दल बोलत होते.

त्यानंतर बनी पार्कच्या घरात फार मोठा फरक पडला असं नाही. घडी मोडलेलं वर्तमानपत्र अजूनही चालत नसे. पण नाना मधून मधून काहीतरी बोलायला लागले होते. वाक्य टाकायचे आणि स्वयंपाकघराकडे कान द्यायचे. बहुतेक वेळा तिकडून काहीच यायचं नाही. ते फुकट गेलेलं वाक्य नाना शांतपणे सोडून द्यायचे, धंद्यातल्या माणसासारखे. क्वचित एखादं लागायचं. सतीशरावांना एवढंच दिसलं. त्या दोघांचं एरवी, पाहुणा नसताना, कसं चालायचं ते त्यांना माहीत नाही.

फेब्रुवारीत सतीशराव पुण्याला होते, मुलगी सावनी बाळंतपणासाठी घरी येणार नव्हती म्हणून ते आणि वीणाताईच तिच्याकडे गेले होते. तिथे चारूताईंचा फोन आला. नाना झोपेतच गेले, पडले वगैरे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. पडले नाहीत हे त्यांनी दोनदा सांगितलं. सतीशराव म्हणाले, आल्यावर येतो.

शेवटची भेट पुण्याला निघण्याच्या आधीची. जानेवारीतली थंडी होती, नाना व्हरांड्यात उन्हात बसले होते. सतीशरावांनी पुस्तकं बदलून दिली. पुढचा महिना आपण नाही, पिशवी घेऊन तनया येईल, असं सांगितलं. नानांनी पुण्याला थंडी कशी असते विचारलं. आतून चारूताईंनी आवाज दिला, नाना, स्वेटर घातलात का?

"घातलाय," नाना म्हणाले. "आत मी आहे का, तेवढं येऊन बघ."

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि मग चारूताईंचं हसू ऐकू आलं, छोटंसंच. नाना पुस्तकाची पानं उलटत राहिले. सतीशरावांनी चहा संपवला, पिशवी उचलली आणि उठले.

"निघालात?"

"हो. स्टेशनवर जायचंय, तिकिटाचं काम आहे."

"जाताना फाटक ओढून घ्या. गाय आत येते."

"घेतो," सतीशराव म्हणाले.